गड्ड्याचा गल्ला आणि औषधांचे कारखाने

गेल्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले की महामारीच्या दोन वर्षांत आमचा कारखाना दोनदा बंद पडता पडता वाचला. झालं! पत्रांचा ढीग आला, आणि बहुतेकांचा सूर एकच : 'बाई, थापा मारू नका, त्या दोन वर्षांत औषधवाल्यांनीच तर कमावलं.'

नव्या वाचकांसाठी सांगते. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका बल्क ड्रगच्या कारखान्यात मी २६ वर्षं काढली, आधी अकाउंट्समध्ये, मग खरेदी खात्यात. आम्ही गोळ्या बनवत नव्हतो. गोळीच्या पोटात जी पांढरी पावडर असते ती बनवायचो आणि २५ किलोच्या ड्रममध्ये भरून गोळीवाल्यांना विकायचो. मुख्य माल दोनच : मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि जुलाबावरचं मेट्रोनिडाझोल. तेव्हा मी जे सांगते ते ड्रमच्या बाजूने दिसलेलं आहे, शेअर बाजाराच्या बाजूने नाही. तरी पहिलं पत्र शेअरबाजाराचंच घेते, कारण ते लिहिणाऱ्या सरांची झोप उडालेली दिसते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. २०२१ च्या दसऱ्याला, मुलाचं न ऐकता, ग्रॅच्युइटीतले दीड लाख औषध कंपन्यांच्या फंडात टाकले. करोनात औषधासाठी लागलेल्या रांगा डोळ्यांनी पाहिल्या होत्या. वाटलं, या धंद्याला मरण नाही. २०२३ च्या मार्चमध्ये तोट्यात विकून मोकळा झालो. सगळं जग औषधं घेत असताना औषध कंपन्या खाली येतातच कशा?
एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सर, आधी वाईट बातमी. तुम्ही विकलंत त्यानंतरच्या महिन्यांत औषध कंपन्यांचा निर्देशांक पुन्हा चांगला वर गेला. आता दिलाशाची : तुम्ही जी चूक केलीत ती अमेरिकेतल्या बड्या बड्या कंपन्यांनीही केली, आणि त्यांच्याकडे सल्लागारांची फौज होती.

तुम्ही पाहिलेली रांग एकाच औषधाची होती. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिव्हिरच्या कुपीसाठी लोक रात्र रात्र उभे होते, तेव्हा देशात दिवसाला ३३ हजार कुप्या बनत होत्या. ११ एप्रिलला निर्यात थांबवली. १७ एप्रिलला किमती खाली आणल्या, ५४०० रुपये छापलेली एक कुपी २७०० वर आली. परवानग्या भराभर सुटल्या, २० कारखान्यांचे ६० झाले. आणि २९ मेला सरकारने जाहीर केलं की रोजचं उत्पादन साडेतीन लाख कुप्यांवर गेलंय, आता राज्यांना केंद्राकडून वाटप करून द्यायची गरज उरली नाही. दहापट! पण तारीख बघा, २९ मे. तोवर लाट ओसरायला लागली होती. ज्याने मेच्या पहिल्या आठवड्यात चढ्या भावाने कच्चा माल उचलला, त्याच्या कुप्या भरून, तपासून, गोदामात येईपर्यंत दारातली रांग घरी गेली होती.

आता दुसरी बाजू. त्याच काळात काय विकलं जात नव्हतं? शाळा बंद, तोंडाला मास्क. पोरांना सर्दी नाही, खोकला नाही, कान दुखत नाही. मुलांच्या अँटिबायोटिक सिरपवर ज्यांचं घर चालायचं ते हातावर हात धरून बसले. मोतीबिंदू, गुडघे, हर्निया, सगळी ऑपरेशनं पुढे ढकलली, त्यामुळे भुलीची इंजेक्शनं आणि टाक्याचे दोरे पडून राहिले. टीबीचं तर फारच वाईट झालं. देशात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख टीबी रुग्णांची नोंद होती, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. रोग तिथेच होता, माणूस दवाखान्यापर्यंत पोचत नव्हता. रुग्णाची नोंदच नाही, तर गोळी कुणाच्या हातात द्यायची?

तरीही २०२०-२१ चे ताळेबंद गोंडस दिसले. कारण मजेशीर आहे. एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारे कंपन्यांचे प्रतिनिधी, घरी बसले होते! डॉक्टरांच्या भेटी, गाडीभाडं, लॉज, परिषदा, सॅम्पलं, हा सगळा खर्च एका वर्षासाठी गळून पडला. विक्री फारशी न वाढताही नफा फुगला. निर्देशांक २०२० या एकाच वर्षात सुमारे ६० टक्के चढला. सर, तुम्ही दसऱ्याला जो भाव मोजलात त्यात त्या न झालेल्या खर्चाचाही भाव होता. एमआर पुन्हा मोटारसायकलवर बसले, अमेरिकेत आपल्या गोळ्यांचे दर घसरले, कच्चा माल आणि जहाजाचं भाडं वाढलं, आणि २०२२ मध्ये हवा गेली.

परदेशातलं बघा. फायझरची २०२२ ची उलाढाल १०० अब्ज डॉलर, त्यातली निम्म्याहून जास्त करोनाची लस आणि करोनावरची गोळी पॅक्सलोविड या दोनच गोष्टींची. पुढच्या वर्षी ती ५८ अब्जांवर आली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये कंपनीला साडेपाच अब्ज डॉलरचा माल बुडीत धरावा लागला. मॉडर्नाची २०१९ ची कमाई जेमतेम ६ कोटी डॉलर होती. २०२२ मध्ये १९ अब्ज. २०२३ मध्ये पावणेसात अब्ज, आणि वर ४.७ अब्जांचा तोटा. नोव्हाव्हॅक्सने तर फेब्रुवारी २०२३ मध्ये स्वतःच सांगितलं की आपण चालू राहू की नाही याचीच शंका आहे. आपल्या पुण्याच्या सीरमने शहाणपणाने डिसेंबर २०२१ मध्येच कोव्हिशील्ड बनवणं थांबवलं, तरी सुमारे १० कोटी डोस मुदत संपून टाकावे लागल्याचं त्यांच्या प्रमुखांनी सांगितलं. आणि हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची घबराट झाली तेव्हा रोशचं टॅमिफ्लू ३ अब्ज स्विस फ्रँकच्या वर खपलं होतं. २०१० मध्ये एक अब्जाच्याही खाली.

माझ्या मामांचा गड्ड्याच्या जत्रेत भांड्यांचा स्टॉल असायचा. एका संक्रांतीला, होम मैदानावर, त्यांच्या गल्ल्यात इतकी चिल्लर साठली की रात्री ती मोजायला आम्हा पोरांना बोलावलं. त्या गल्ल्याच्या जोरावर मामांनी कर्ज काढून मधल्या मारुतीजवळ कायमचं दुकान घेतलं. गड्डा महिन्याचा, हप्ता बारा महिन्यांचा! दोन वर्षांत दुकान दुसऱ्याच्या नावावर झालं. मामा हुशार होते, हिशेब तोंडपाठ. गर्दी बघून त्यांना ती कायमची वाटली, एवढंच.

प्रश्न : आमचे टॉवेलचे माग २०२० च्या मार्चपासून महिनोन्महिने बंद होते. बाहेरगावचा माल अडकला, पैसे अडकले. तुमच्या औषधवाल्यांना मात्र पास, बस, पोलिसांचा सलाम. तुम्ही 'बंद पडता पडता वाचलो' म्हणता तेव्हा राग येतो.
एक कारखानदार, अक्कलकोट रोड

उत्तर : साहेब, राग रास्त आहे. माझे वडील मागावरच होते, अशोक चौकाजवळ आमचं घर, खटखट ऐकल्याशिवाय झोप यायची नाही. तुमच्या बंदची आमच्याशी तुलना करत नाही. फक्त चालू कारखाना आतून कसा अडतो ते सांगते.

मेटफॉर्मिन करायला मुख्यतः दोन गोष्टी लागतात. एक डायमिथाइल अमाइन हायड्रोक्लोराइड. ती काळजी आम्हाला कधी नव्हती; तामलवाडीच्या बालाजी अमाइन्समुळे अमाइन्स म्हणजे सोलापूरच्या घरचाच माल. दुसरी गोष्ट डीसीडीए. ही पांढरी भुकटी चीनमधून येते. दोन्ही एकत्र तापवायच्या, मग धुऊन, गाळून, वाळवून ड्रममध्ये. म्हणजे सोलापुरातल्या मधुमेहाच्या गोळीचा अर्धा जीव चीनमध्ये. देशाला लागणाऱ्या बल्क ड्रगच्या आयातीतला सुमारे दोन तृतीयांश माल तिथूनच येतो, आम्ही काही जगावेगळे नव्हतो.

२३ जानेवारी २०२० ला वुहान बंद झालं. आमचा पुरवठादार वुहानचा नव्हता, पण चिनी नववर्षाला घरी गेलेले कामगार परतलेच नाहीत. फेब्रुवारीत त्याचा निरोप आला : माल मिळेल, पैसे आधी. आतापर्यंत ९० दिवसांची उधारी होती! साहेब, तुम्हाला सुताचा व्यापारी उद्यापासून रोख मागायला लागला तर काय होईल, तसं समजा. मालाचा भाव वाढण्याआधीच आमचा तीन महिन्यांचा पैसा खाऊन झाला.

मग ३ मार्च. त्या दिवशी केंद्राने १३ बल्क ड्रग आणि त्यांच्यापासूनची औषधं निर्यातीसाठी प्रतिबंधित केली, परवानगीशिवाय बाहेर पाठवायची नाहीत. देशात तुटवडा नको म्हणून. हेतू योग्य, माझी तक्रार नाही. पण त्या १३ मध्ये पॅरासिटामॉलच्या शेजारी आमचं मेट्रोनिडाझोलही होतं. आमच्या गोदामात त्या संध्याकाळी निर्यातीचे ड्रम निळ्या रांगेत उभे होते. लेबलं लागलेली, सीलं ठोकलेली, दुसऱ्या दिवशी ट्रक न्हावाशेव्याला निघणार. त्या मालावर बँकेकडून पॅकिंग क्रेडिट उचललेलं, म्हणजे माल जाणार या बोलीवर घेतलेलं कर्ज. माल गेला नाही, व्याज मात्र चालू. मेट्रोनिडाझोलवरची बंदी ६ एप्रिलला उठली, ३४ दिवसांनी. तोवर लॉकडाऊन लागला होता आणि ट्रकला ड्रायव्हर नव्हता. मी त्या दिवसांत रोज सकाळी गोदामात जाऊन ते ड्रम मोजायचे. उपयोग शून्य, माहीत होतं. तरी मोजायचे.

पासचं म्हणाल तर पास होता, खरंय. कारखाना अत्यावश्यक होता. पण पाकणी, कोंडी, सावळेश्वरकडच्या गावांनी रस्त्यावर बाभळीचे काटे टाकले होते. कामगाराकडे पास, आणि वेशीवर सरपंच म्हणतो, गेलास तर परत येऊ नको. १२० माणसांच्या शिफ्टला ४० यायचे. आणि सगळ्यात हास्यास्पद अडचण सांगू? लेबलं! औषधाच्या ड्रमवर बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, लायसन्स नंबर छापलेलं लेबल नसेल तर तो ड्रम गेटाबाहेर जाऊ शकत नाही. आम्ही अत्यावश्यक, पण साखर पेठेतला आमचा छापखाना अत्यावश्यक नव्हता. ११ दिवस तयार माल नुसता लेबलांपायी बसून होता. शेवटी कलेक्टर कचेरीतून छापखान्याच्या मालकासाठी आणि त्याच्या एका मुलासाठी पास काढला, बापलेकांनी शटर अर्धं खाली ओढून लेबलं छापली. त्या ११ दिवसांचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

त्यातच सॅनिटायझर आला. पावडर धुवायला लागणारं आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, सॅनिटायझरवाल्यांनी उचललं. दुपारी भाव विचारायचा, संध्याकाळी होकार कळवायचा, तोवर तो भाव गेलेला.

वाचलो कशामुळे? दोन कारणं. मेटफॉर्मिन रोज घ्यावं लागतं, करोना असो वा नसो. मधुमेहाचा रुग्ण मार्च २०२० मध्ये उलट दोन महिन्यांची गोळी घरात भरून ठेवत होता, त्यामुळे मागणी एकदा उसळली. पुढे मे-जूनमध्ये तीच मागणी पडली, लोकांच्या कपाटात साठा होता ना! आणि दुसरं कारण, मे २०२० ची सरकारी हमीची कर्जयोजना : २९ फेब्रुवारीला जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या २० टक्के जादा, तारण न मागता. बँकेने तो चेक... चेक कसला, एंट्री टाकली त्या दिवशी आमच्या मालकांनी ऑफिसात सगळ्यांना खारी आणि चहा दिला. हप्ते थांबवायची रिझर्व्ह बँकेची सवलत आम्ही घेतली नाही. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही, एवढं अकाउंट्समध्ये राहून कळत होतं.

हे झालं पहिलं संकट. दुसरं जास्त खोल होतं, आणि ते आलं तेव्हा लोक मास्क काढायला लागले होते. सप्टेंबर २०२१. चीनमध्ये वीजकपात झाली, विजेवर चालणाऱ्या रसायनांच्या भट्ट्या बंद. डीसीडीएचा भाव असा पळाला की जुना दर कागदावर बघून हसू यायचं. जहाजाच्या कंटेनरचं भाडं आधीच कित्येक पट झालेलं. आणि आमचा एका मोठ्या गोळीवाल्या कंपनीशी वर्षाचा बांधील दर! दर वाढवून मागितला तर ते म्हणाले, आमच्या गोळीची कमाल किंमत सरकारने ठरवलेली आहे, आम्ही कुठून देऊ? तेही खोटं नव्हतं. वरून किमतीची छत, खालून चीनचा भाव, मधे आमचे ड्रम. करार मोडावा, तर त्यांच्या यादीत पुरवठादार म्हणून मंजुरी मिळवायला आम्हाला दोन वर्षं लागली होती. नमुने, तपासण्या, तीन बॅचचा माल वर्षानुवर्षं टिकतो याचे पुरावे. तीन महिने आम्ही दर किलोमागे तोटा सोसून माल दिला. गोदाम भरलेलं, ऑर्डर भरलेली, रात्रपाळी चालू, आणि दर रात्री थोडे थोडे बुडतोय. बाहेरून बघणारा म्हणेल, काय जोरात चाललाय कारखाना!

प्रश्न : माझं नव्या पेठेत छोटं मेडिकल आहे. दुसऱ्या लाटेत घेतलेल्या फॅविपिरॅविर आणि आयव्हरमेक्टिनच्या स्ट्रिपा मुदत संपून पडल्या. काही परत गेल्या, काही होलसेलरने घेतल्याच नाहीत. नुकसान आम्ही सोसायचं आणि कंपन्या नामानिराळ्या?
एक औषधविक्रेता

उत्तर : दादा, नामानिराळ्या नाहीत. तुम्ही परत केलेली स्ट्रिप स्टॉकिस्टकडे जाते, तिथून कंपनीच्या डेपोत, आणि तिथे कंपनीला क्रेडिट नोट काढावी लागते, म्हणजे तेवढी रक्कम परत द्यावी लागते. एप्रिल २०२१ मध्ये जी विक्री म्हणून मिरवली तीच वर्षा-दीड वर्षाने परतावा म्हणून दारात उभी राहते. फॅबिफ्लूचं, म्हणजे फॅविपिरॅविरच्याच एका ब्रँडचं, उदाहरण तुम्ही जगलाच आहात : जून २०२० मध्ये गोळीला १०३ रुपये, महिन्याभरात ७५, आणि एप्रिल २०२१ या एका महिन्यात ३५० कोटींवर विक्री, देशात पहिला नंबर. मग जूनच्या सुरुवातीला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने उपचारांच्या सूचना बदलल्या, आयव्हरमेक्टिन, डॉक्सीसायक्लिन, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन वगळलं, आणि डॉक्टरांचं पेनच थांबलं. माल कुणी खराब केला नाही, कागद बदलला.

शहाण्या कंपन्या विक्रीच्या वेळीच ठरावीक हिस्सा 'परत येईल' म्हणून बाजूला काढतात. पण तो हिस्सा नेहमीच्या वर्षांच्या अनुभवावरून ठरतो, आणि महामारीला मागचा अनुभव नसतो. वर, परत आलेला माल विकता येत नाही, तो जाळावा लागतो, जाळायचेही पैसे पडतात, आणि नष्ट केलेल्या मालावर आधी घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट उलटवावं लागतं. तुमच्या होलसेलरने ज्या घेतल्या नाहीत त्या स्ट्रिपा कापलेल्या होत्या का, की परतीची मुदत उलटून गेली होती? ही दोनच कारणं नेहमी सांगितली जातात. बिलं असतील तर असोसिएशनकडे जा, एकट्याने भांडू नका. बिलंच नसतील, कुणीतरी पिशवीतून आणून दिलेला माल असेल, तर मला पुन्हा लिहू नका.

प्रश्न : आई विड्या वळते. तिला शुगर आहे. करोनानंतर तिच्या गोळ्या महागल्या. कंपन्यांनी तोटा आमच्याकडून वसूल केला का?
एक वाचक, कुंभारी

उत्तर : ताई, गोळी महागली हे बरोबर, कारण मात्र थोडं वेगळं आहे. अत्यावश्यक यादीतल्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवतं आणि दर एप्रिलला घाऊक महागाईच्या आकड्याएवढीच वाढू देतं. एप्रिल २०२२ मध्ये ती वाढ १०.७७ टक्के होती, २०२३ मध्ये १२.१२ टक्के. एरवी ती वाढ बरीच कमी असते. २०२४ मध्ये तर ०.००५५१ टक्के, म्हणजे पैशाच्याही अंशात! तेव्हा महामारी तुमच्या आईच्या गोळीत आली ती अशी, महागाईच्या आकड्यातून, दोन वर्षं उशिरा. मधे सप्टेंबर २०२२ मध्ये यादी नव्याने झाली तेव्हा बऱ्याच औषधांची कमाल किंमत उलट खालीही आली.

यादीत नसलेल्या औषधांना वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढ करायची मुभा असते. मेटफॉर्मिन एकटं असेल तर यादीत. पण डॉक्टरने त्यात दुसरं औषध मिसळलेली जोडगोळी दिली असेल तर ती बहुधा यादीबाहेर, आणि महाग. आईची चिठ्ठी बघा. दोन नावं जोडून असतील तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा की सुट्या गोळ्या चालतील का. जनऔषधी दुकानात मेटफॉर्मिन फार स्वस्त मिळतं. आणि मनाने गोळी कमी करू नका, हे आईला माझ्याकडून सांगा. आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या बायका आठवड्याची मजुरी कमी आली की पहिली काटछाट गोळीतच करायच्या.

प्रश्न : सरकारने पैसे देऊन कच्च्या मालाचे कारखाने देशात परत आणले म्हणतात. खरं का?
एक वाचक, होटगी रोड

उत्तर : सुरुवात झाली आहे. २०२० मध्ये ६,९४० कोटींची योजना आली, उत्पादन वाढवलं तर प्रोत्साहनाची रक्कम. पेनिसिलिन-जी पुन्हा आंध्रात, काकीनाड्याकडे, बनायला लागलं. 'पुन्हा' म्हणते, कारण पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५० च्या दशकातच पेनिसिलिन बनवत होती. चीनच्या स्वस्त मालाने आपले कारखाने बसले. अनुदान पाच-सहा वर्षांचं असतं. ते संपल्यावर चीनने भाव पाडला तर गोळीवाला आपल्याकडून दोन रुपये जास्त देऊन घेईल का? आमच्या ग्राहकांनी तरी कधी घेतलं नाही.

प्रश्न : ताई, मी एम.एस्सी. केमिस्ट्री. चिंचोळीत दोन कारखान्यांतून बोलावणं आलंय. एकाचा पगार तीन हजारांनी जास्त आहे आणि त्यांनी करोनात मोठं नवं युनिट उभारलं आहे. कंपनी टिकेल की नाही कसं ओळखू?
एक वाचक, बाळे

उत्तर : तू म्हटलं तर चालेल ना? ते नवं युनिट कशासाठी उभारलं ते आधी विचार. रिअॅक्टर धुऊन दुसरा माल काढता येण्यासारखा असेल तर बरं. एकाच करोनाच्या औषधासाठी असेल, आणि मुदतकर्जावर असेल, तर माझ्या मामांचं दुकान आठव. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर वार्षिक अहवाल मिळतो, त्यात नफ्याचं पान सोडून दे, येणी बघ. विक्रीचे पैसे किती दिवसांनी येतात, गोदामात माल किती दिवसांचा आहे, आणि निम्मी विक्री एकाच ग्राहकाला तर नाही ना.

खाजगी असेल तर अहवाल सहज मिळणार नाही. मग असं कर. महिन्याच्या ८ किंवा ९ तारखेला शिफ्ट सुटायच्या वेळी गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बस. क्रीमरोल घे, घाई करू नको. त्या कारखान्याच्या माणसांच्या वहीत किती उधारी साठली आहे ते टपरीवाल्याला विचार. सांगेल तो. आमच्या वेळी २०२१ च्या दिवाळीआधी पगार नऊ दिवस लांबला, ते बँकेच्या आधी आमच्या टपरीवाल्या अण्णाला कळलं होतं.